उत्तरतालिकेतला पालक: मीच काढलेल्या दहा प्रश्नांची समीक्षा

मागचे दोन लेख लिटरेचर रिव्ह्यूवर झाले. काहींनी मेल करून विचारलं की ‘क्रिटिकल रीडिंग’ म्हणजे नेमकं काय करायचं, पेपरात चूक शोधायची का? आज त्याचं उत्तर जरा वेगळ्या वाटेनं देते. दुसऱ्याचा पेपर घेण्याऐवजी मी स्वतः काढलेल्या प्रश्नपत्रिकेची समीक्षा करणार आहे. ही प्रश्नपत्रिका विद्यापीठाची नाही. शेफिल्डमधल्या एका पबमधल्या क्विझची आहे.

आधी पार्श्वभूमी. ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात पब क्विझचं पेव फुटलं. कारण साधं होतं: आठवड्याच्या मधल्या वारांना पब ओस पडायचे. लोक यावेत म्हणून मालकांनी प्रश्नमंजूषा सुरू केल्या आणि त्या इथल्या जगण्याचा भाग झाल्या. मी जाते तिथे मंगळवारी रात्री साधारण बारा टेबलं भरतात. डोकी मोजून दोन-दोन पौंड एका भांड्यात जमा होतात आणि जिंकणारा संघ ते भांडं घेतो. मोबाइल खिशात ठेवायचे. फेरी संपली की शेजारच्या टेबलाबरोबर कागद अदलाबदल करून तपासायचे. (घरचे वाचत असतील तर: मी लाइम-सोडा घेते.) कुणी हौशी असेल तर क्विझमास्तर त्याला एक फेरी काढू देतो. एका मंगळवारी ‘सामान्य ज्ञाना’ची फेरी माझ्याकडे आली. दहा प्रश्न.

मला वाटलं, यात काय मोठंसं? आपण शाळेपासून जीकेची पुस्तकं पाठ केलेली. नेट दिलेली, सेट दिलेली. प्रश्न सोडवण्यात उभं आयुष्य गेलंय. पण प्रश्न सोडवणं आणि प्रश्न काढणं यांत जेवण जेवणं आणि स्वयंपाक करणं यांच्याइतकं अंतर आहे. दहापैकी पाच प्रश्न इथे घेते. उरलेले पाच बरे होते आणि बऱ्या प्रश्नांतून शिकण्यासारखं फारसं नसतं.

पहिला प्रश्न: स्टेनलेस स्टीलचा शोध कुणी लावला?

शेफिल्ड हे पोलादाचं शहर. हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली इथे, बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून मिश्रधातूंवर काम करताना, भरपूर क्रोमियम असलेलं न गंजणारं पोलाद ओतलं. बाराच्या बारा संघांनी ‘ब्रेअर्ली’ लिहिलं.

सगळ्यांना आलं म्हणजे प्रश्न छान, असं मला तेव्हा वाटलं. तो छान नव्हता. एक तर त्यानं कुणालाच कुणापासून वेगळं केलं नाही. नागपुरात संत्र्यांवर प्रश्न विचारण्यासारखंच ते. दुसरं म्हणजे ‘शोध लावला’ हा शब्द फसवा आहे. जर्मनीत क्रुप कंपनीचे श्ट्राउस आणि माउरर हे क्रोमियम-निकेल पोलादावर काम करत होते आणि त्या कामाचं पेटंट १९१२ चं आहे. अमेरिकेत एलवूड हेन्स यांचाही दावा आहे. एसेनच्या पबमध्ये हाच प्रश्न विचारला असता तर उत्तर बदललं असतं. जो प्रश्न गाव बदललं की उत्तर बदलतो, त्यातला शब्द नीट निवडलेला नसतो. ‘१९१३ साली शेफिल्डमध्ये न गंजणारं पोलाद कुणी ओतलं?’ असं विचारलं असतं तर वादच उरला नसता.

दुसरा प्रश्न: भारतातला पहिला चित्रपट कोणता?

इथे मी आपलं घरचं लोणचं वाढायला गेले. माझ्या तालिकेतलं उत्तर ‘राजा हरिश्चंद्र’. बारापैकी शून्य संघांना आलं. शून्य आणि बारा हे दोन्ही आकडे प्रश्नकर्त्यासाठी सारखेच निरुपयोगी आहेत. हे उशिरा कळलं.

पण खरा दोष वेगळाच आहे. समजा तिथे एखादा जाणकार मराठी माणूस बसला असता आणि त्यानं ‘श्री पुंडलिक’ लिहिलं असतं, तर? दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ ला लागला. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी ३ मे १९१३ ला खुला झाला, म्हणजे जवळपास वर्षभरानंतर. ‘पुंडलिक’ हे रंगमंचावरच्या नाटकाचं चित्रीकरण होतं म्हणून पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाचा मान ‘राजा हरिश्चंद्र’ला देतात. म्हणजे ‘पहिला’ या शब्दाचं सगळं ओझं ‘पूर्ण लांबीचा कथापट’ या व्याख्येवर आहे आणि ती व्याख्या मी प्रश्नात लिहिलीच नव्हती. चुकीच्या उत्तराला तालिकेत जागा नसते, ते ठीक. पण इथे बरोबर उत्तर देणाऱ्यालाही जागा नव्हती.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘या विषयावरचा हा पहिलाच अभ्यास आहे’ हे वाक्य असेल तर आत्ता जाऊन बघा. कशाचा पहिला? कुठे? कोणत्या व्याख्येनं? व्हायवाला हाच प्रश्न येतो.

तिसरा प्रश्न: शनीला किती चंद्र आहेत?

माझं उत्तर त्या दिवशी बरोबर होतं. तरी प्रश्न वाईट. ज्ञात चंद्रांची संख्या २०१९ साली ८२ झाली. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ नव्या चंद्रांची भर पडून ती २७४ झाली. हा आकडा दुधाच्या पिशवीसारखा आहे, त्यावर तारीख छापलेली असावी लागते. मी तारीख न घालता विचारला. एका संघात दोन मुलं खगोलाची आवड असलेली होती. त्यांनी थोडा जुना आकडा लिहिला आणि शून्य गुण घेतले. शेजारच्या टेबलानं काहीच लिहिलं नाही, त्यांनाही शून्य. ज्याला विषय कळतो आणि ज्याला अजिबात कळत नाही अशा दोघांना प्रश्न एकच गुण देत असेल, तर तो ज्ञान मोजत नाही. बातमी कुणी शेवटची वाचली एवढंच मोजतो.

चौथा प्रश्न: कसोटीच्या एका डावात दहाही बळी घेणारे तीन गोलंदाज सांगा.

दहातला हा माझा आवडता. जिम लेकर, मँचेस्टर, १९५६. अनिल कुंबळे, दिल्ली, १९९९. एजाझ पटेल, मुंबई, २०२१. एजाझ पटेल न्यूझीलंडकडून खेळला, पण जन्म मुंबईचाच.

इथे काय झालं ते बघा. प्रत्येक टेबलावर साठीच्या पुढच्या कुणीतरी लेकर लिहिला. एजाझ कुणातरी तरुणाला आठवला. कुंबळेसाठी डोकी खाजवली गेली. ‘दिल्ली, पाकिस्तानविरुद्ध, चष्मा नंतर लागला की आधी?’ असली कुजबुज मी स्वतः ऐकली. एकट्याच्या डोक्यात नसलेलं उत्तर टेबलानं मिळून काढलं. सामान्य ज्ञानातलं ‘सामान्य’ म्हणजे नेमकं कुणाचं, ही माझी इथली जुनी तक्रार आहे. बाकी फेऱ्यांत सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश टीव्ही मालिकांवर प्रश्न येतात, तेव्हा मी भिंतीकडे बघत बसते. या प्रश्नात मात्र तीन पिढ्यांना आणि तीन देशांना जागा होती.

आता थोडं गणित

तपासलेले कागद मी घरी आणले होते. सायन्सवाल्यांची खोड. चाचणी तपासणाऱ्यांच्या दोन जुन्या, सोप्या मोजपट्ट्या आहेत. तुमच्या संशोधनात प्रश्नावली असेल तर त्या लागतीलच.

पहिली काठिण्य निर्देशांक. बरोबर उत्तर देणारे भागिले एकूण. नावात काठिण्य असलं तरी आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा, हे लक्षात ठेवा. पोलादाचा प्रश्न १.००, चित्रपटाचा ०.

दुसरी भेददर्शकता. एकूण गुणांनुसार संघ लावा. वरच्या गटात किती जणांना प्रश्न आला आणि खालच्या गटात किती जणांना, या दोन प्रमाणांची वजाबाकी करा. मोठ्या चाचण्यांत वरचे आणि खालचे २७ टक्के घेतात. माझ्याकडे बाराच संघ, म्हणून मी वरचे चार आणि खालचे चार घेतले. क्रिकेटचा प्रश्न एकूण सात संघांना पूर्ण आला: वरच्या चारपैकी चार, खालच्या चारपैकी एक. म्हणजे ४/४ वजा १/४, उत्तर ०.७५. प्रश्न चांगला. पोलाद आणि चित्रपट, दोघांची वजाबाकी शून्य.

मग मी पाचव्या प्रश्नाची वजाबाकी केली. एकूण नऊ संघांना आला होता. वरच्या चारपैकी तीन, खालच्या चारपैकी चार. उत्तर उणे ०.२५.

भेददर्शकता उणे येणं म्हणजे हुशार संघ चुकतात आणि कच्चे संघ बरोबर येतात. बारा संघांत एका संघानं हा आकडा फिरतो, त्यामुळे यावरून काही सिद्ध होत नाही. पण मोठ्या परीक्षांमध्ये उणे आकडा दिसला की तपासनीस आधी एकच गोष्ट बघतात: उत्तरतालिकाच चुकली नाही ना?

पाचवा प्रश्न: पालकात खूप लोह असतं हा समज कशामुळे पसरला?

माझं उत्तर: एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाकडून दशांश चिन्ह एक घर सरकलं आणि लोहाचा आकडा दहापट झाला. तुम्हीही ही गोष्ट ऐकली असेल. मी तर ती वर्गात सांगितलेली आहे. शिवाय माझा पीएचडीचा विषयच वनस्पतींमधलं लोह. इथे माझं चुकेल कसं?

कोपऱ्यातल्या टेबलावरच्या आजोबांच्या संघानं ‘पॉपाय कार्टून’ लिहिलं होतं. उत्तर चूक असं जाहीर केल्यावर ते उठून माझ्याकडे आले. शांतपणे विचारलं, “दशांशाची चूक कुणी केली? नाव सांगशील?”

“जर्मन शास्त्रज्ञ होता.”

“कोणता? कोणत्या साली? तू तो कागद पाहिलायस?”

मी म्हटलं, “ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.”

ते म्हणाले, “मी तीस वर्षं पोलादाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत कार्बन मोजला. दशांश चुकला की आठवड्याच्या आत भट्टीवाला दारात यायचा. दहापट चूक इतकी वर्षं कुणाच्याच लक्षात आली नाही, हे मला पटत नाही.”

मागे लोक खोळंबलेले. मी पब क्विझचं ब्रह्मवाक्य वापरलं: प्रश्नकर्त्याचा निर्णय अंतिम. त्यांचा संघ एका गुणानं हरला. चाळीस-पन्नास पौंडांचं भांडं दुसऱ्या टेबलावर गेलं. जाताना ते एवढंच म्हणाले, “पैशांचं काही नाही. पण तू संशोधन करतेस ना?”

त्या रात्री मी शोधायला बसले. दशांशाची गोष्ट जिथून पसरली तो लेख सापडला: टेरेन्स हॅम्ब्लिन, ब्रिटिश मेडिकल जर्नल, डिसेंबर १९८१. ख्रिसमसच्या अंकातला, हलक्याफुलक्या सुराचा लेख. जर्मन शास्त्रज्ञ आणि दशांश त्यात आहेत. त्या विधानाला संदर्भ मात्र नाही. २०१० साली माइक सटन या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकानं त्या चुकीचा माग काढला. दशांश सरकल्याचा मूळ पुरावा त्यांना कुठेच मिळाला नाही. पॉपायही तसा निर्दोष निघतो. १९३२ च्या चित्रपट्टीत तो पालकाचं कौतुक करतो ते अ जीवनसत्त्वासाठी. म्हणजे आजोबांचं उत्तरही टिकत नाही. पण त्यांचा प्रश्न टिकतो.

पुढे २०१४ साली ओले ब्यॉर्न रेकदाल यांनी ‘सोशल स्टडीज ऑफ सायन्स’मध्ये यावर लेख लिहिला. त्यातली गंमत बोचरी आहे. ‘संदर्भ न तपासता वापरू नका’ हे शिकवायला लोक पालकाची गोष्ट सांगतात आणि ती गोष्ट मात्र संदर्भ न तपासता उचललेली असते.

विज्ञानाच्या अंगानं एक भर घालते, कारण हे मला आधी सुचायला हवं होतं. ताज्या पालकात साधारण ९१ टक्के पाणी असतं. १०० ग्रॅम ताज्या पालकात अडीच ते तीन मिलिग्रॅम लोह. तोच पालक पूर्ण वाळवून १०० ग्रॅम घेतला तर आकडा दहापटीच्या वर जातो. यात दशांश कुठेही सरकलेला नाही, फक्त ओल्या वजनावर की सुक्या वजनावर एवढंच लिहायचं राहिलंय. रोज ओव्हनमध्ये पानं वाळवणाऱ्या मला हे न सुचणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

दुखरी जागा इथून पुढे

मग मी माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण उघडलं. पहिल्याच परिच्छेदात, वाचकाला ओढून घ्यायला म्हणून, तीच दशांशाची गोष्ट. पुढे दोन सायटेशन, दोन्ही नावाजलेल्या नियतकालिकांतली. दोन्ही उघडली. एक थेट हॅम्ब्लिनकडे जात होतं, दुसरं एका पुस्तकामार्गे हॅम्ब्लिनकडेच. म्हणजे दोन साक्षीदार वाटत होते ते एकाच माणसाकडून ऐकून आलेले. सुपरवायझरनं ते पान वाचून ‘छान सुरुवात’ लिहिलं होतं. प्रकरण दहा दिवसांनी समितीपुढे जायचं होतं.

परिच्छेद काढला. मग उरलेल्या प्रकरणातलं ‘मी स्वतः मूळ पेपर उघडलाय’ असं म्हणता येणार नाही ते प्रत्येक सायटेशन पिवळं केलं. किती पिवळं झालं ते सांगत नाही. आठ दिवस पुरले, एवढंच.

उसनी माहिती पचवण्याच्या या सवयीचा क्विझच्या जगात एक गाजलेला खटलाही आहे. फ्रेड वर्थ या अमेरिकी लेखकानं आपल्या सामान्य ज्ञानाच्या कोशात मुद्दाम एक खोटी नोंद पेरली: टीव्हीवरचा गुप्तहेर कोलंबो याचं पहिलं नाव फिलिप. पुढे ‘ट्रिव्हियल परस्यूट’ या खेळात हाच ‘फिलिप’ उत्तर म्हणून आला. वर्थनं १९८४ साली ३० कोटी डॉलरचा दावा ठोकला. तो हरला. माहिती कुणाच्या मालकीची नसते आणि एका पुस्तकातून माहिती घेणं हा स्वामित्वहक्काचा भंग नाही, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. कायद्यानं ते ठीक. पण आपल्यासाठी धडा वेगळा आहे: खोटी माहिती खऱ्या माहितीपेक्षा एका बाबतीत उपयोगी असते. ती कुठून आली, हे लगेच सांगते. तुमच्या लेखनात असा फिलिप बसला असेल तर परीक्षकाला कळतं की तुम्ही मूळ पेपर वाचलेला नाही.

निर्णय अंतिम असावा का?

इथे माझी टीका पब क्विझवर आहे, आणि थोडी आपल्या सवयींवरही. ‘निर्णय अंतिम’ हा नियम पबमध्ये का आहे ते मला समजतं. रात्री अकराला बंद करायचं असतं, प्रत्येक हरकतीवर सुनावणी घेतली तर लोक उपाशी झोपतील. पण त्या रात्रीपुरतं अंतिम आणि कायमचं अंतिम यांत फरक आहे. आपल्याकडे एमपीएससीवर कितीही रागवा, पण एक पद्धत तिथे नीट आहे: आधी पहिली उत्तरतालिका लागते, उमेदवार पुराव्यासह हरकती देतात, मग अंतिम तालिका येते आणि काही प्रश्न रद्दही होतात. रद्द करणं हा कबुलीजबाब आहे आणि तो लेखी असतो.

पुढच्या मंगळवारी मी माइक मागितला. म्हटलं, मागच्या फेरीतला पाचवा प्रश्न रद्द. त्याला बरोबर उत्तरच नव्हतं. प्रश्न रद्द केला की जिंकलेल्या संघाचा एक गुण जातो आणि दोन्ही संघ बरोबरीत येतात. भांडं तर खर्च झालेलं. जिंकलेल्या टेबलानं आजोबांच्या टेबलासाठी पेयं मागवली, विषय संपला. आजोबा जवळ आले तेव्हा मला वाटलं शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, “ओल्या वजनावर की सुक्या?” मी पाण्याचं गणित सांगितलं. ते म्हणाले, “हं. हा प्रश्न विचारायला हवा होतास.”

तर, क्रिटिकल रीडिंग म्हणजे काय? माझ्यापुरतं उत्तर असं: वाक्य वाचल्यावर कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी उठून येतंय अशी कल्पना करायची. कुणी? कधी? कुठे लिहिलंय? तू पाहिलंस? कोणत्या व्याख्येनं? कोणत्या तारखेपर्यंत? या सहा प्रश्नांना वाक्य टिकलं तर ठेवा. ‘सगळ्यांना माहीत आहे’ असं तोंडात आलं, की तेच वाक्य आधी तपासा.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या सिनॉप्सिसचं पहिलं पान घ्या. त्यातलं सगळ्यात आकर्षक वाक्य निवडा. त्याचं सायटेशन उघडा, मग त्या सायटेशनचं सायटेशन, थेट मूळ मोजमाप दिसेपर्यंत जा. किती पायऱ्या लागल्या आणि शेवटी काय सापडलं ते मला कळवा. मला पुढच्या महिन्यात पुन्हा फेरी काढायची आहे, आणि या वेळी कोपऱ्यातल्या टेबलाला मी आधीच सांगितलंय, हरकती लेखी आणा.